‘तारण’ म्हणजे बँकेतले का? : पाळक, वडीलजन आणि मंडळीच्या सभासदांना खुले पत्र

आदरणीय पाळकहो, वडीलजनहो, संडेस्कूलच्या शिक्षकांनो आणि बंधुभगिनींनो,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

ख्रिस्ती विश्वासाची नव्याने चौकशी करणाऱ्यांसोबत बसून पवित्र शास्त्र वाचणे, हे आमचे काम. त्या कामातून एक तक्रार साचली आहे आणि तिच्यात आम्हीही आलोच. समोरच्याला माहीत आहे असे धरून आपण बोलतो. आणि बोलायचे राहून गेले, तर आपले वागणे बघून त्याला कळेलच, असे धरून गप्प बसतो. दोन्ही अंदाज बहुतेक वेळा चुकतात.

पहिल्यांदा बोलण्याचे पाहू. साक्ष देताना, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगताना, आपल्याकडे हे वाक्य सहज येते: “प्रभूने माझे तारण केले, येशूच्या रक्ताने मी शुद्ध झालो, माझा नवा जन्म झाला आणि आता मी आत्म्यात चालतो.” आपल्याला यात खटकण्यासारखे काहीच दिसत नाही. आता हेच वाक्य मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कधी न आलेल्या माणसाच्या कानाने ऐका. प्रभू म्हणजे कोण, हे सांगितलेलेच नाही. ‘तारण’ हा शब्द त्याला भेटलेला असतो तो कर्जाच्या कागदांवर, घर तारण, सोने तारण असा. रक्ताचा डाग धुवायचा असतो. रक्ताने धुतात कसे? यज्ञाची वेदी, वल्हांडणाचे कोकरू, ‘रक्तात जीवन असते’ हा बायबलच्या लेवीय या पुस्तकातला विचार, यातले काही त्याच्या गाठीला नाही. ‘नवा जन्म’ म्हटल्यावर त्याला पुनर्जन्म ऐकू येतो, म्हणजे आपण म्हणतो त्याच्या जवळजवळ उलटे. आणि ‘आत्म्यात चालतो’ याचे तो काय चित्र डोळ्यांपुढे आणत असेल, ते न विचारलेलेच बरे.

तो मान डोलावतो. भीड म्हणून, किंवा विषय लवकर संपावा म्हणून. आपण घरी जाऊन म्हणतो, आज साक्ष द्यायची संधी मिळाली.

येशूला रात्री भेटायला आलेला निकदेम तर शास्त्र शिकलेला गुरू होता. त्यानेही ‘नवा जन्म’ ऐकून विचारले, म्हातारा माणूस आईच्या उदरात पुन्हा कसा जाणार? येशूने पुढे वाऱ्याचा दाखला दिला. मूळ ग्रीकमध्ये वारा आणि आत्मा यांना एकच शब्द आहे, म्हणून तिथे तो दाखला थेट बसतो. मराठीत ते दोन शब्द झाल्याने जोड तुटते. ती आपणच बोलून जोडावी लागते, नाहीतर योहानाचा तिसरा अध्याय ऐकणाऱ्याला येशू मध्येच हवामानावर का बोलू लागला, असे वाटते.

शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाची हकिगत, लिहिणाऱ्यांनी ही चूक केली नाही, हे आपल्या नजरेतून निसटते. मार्काने येशूच्या बोलीतले काही अरामी शब्द जसेच्या तसे ठेवले आणि त्यांचा अर्थ लगेच दिला: तलीथा कूम, एफ्फाथा, गुलगुथा. सातव्या अध्यायात तर तो गोष्ट मध्येच थांबवून यहुदी लोक जेवणाआधी हात का धुतात, बाजारातून आल्यावर काय करतात, भांडी कशी धुतात, हे समजावतो. आपले वाचक यहुदी नाहीत, त्यांना हे ठाऊक नसणार, हे त्याने आधीच ओळखले होते. योहान ‘रब्बी’ लिहितो आणि पुढे ‘म्हणजे गुरुजी’ असे जोडतो. ‘मशीहा’ लिहितो आणि ‘म्हणजे ख्रिस्त’ असे सांगतो. येशूने पाणी मागितल्यावर शोमरोनी स्त्री चकित का झाली हे कळावे म्हणून यहुदी आणि शोमरोनी यांचे एकमेकांशी वावडे होते, हेही तो एका वाक्यात सांगून टाकतो. त्यांना कंस घालायला कमीपणा वाटला नाही. आपण मात्र ‘ख्रिस्त’ हा शब्दसुद्धा न उलगडता वापरतो आणि निम्म्या लोकांना ते येशूचे आडनाव वाटत राहते. ख्रिस्त म्हणजे अभिषिक्त, देवाने नेमलेला राजा. सांगायला पाच सेकंद लागतात.

म्हणून पहिली विनंती. येत्या महिन्यात वडीलमंडळाने आणि शिक्षकांनी मिळून दहा शब्द निवडावेत: तारण, कृपा, पाप, पश्चात्ताप, विश्वास, साक्ष, करार, पवित्र आत्मा, वधस्तंभ, पुनरुत्थान. प्रत्येकाने प्रत्येक शब्दासाठी एक वाक्य लिहावे. अट एवढीच की त्या वाक्यात मंडळीतला दुसरा कोणताही शब्द येता कामा नये. ‘कृपा म्हणजे तारणासाठी मिळालेले देवाचे दान’ हे चालणार नाही. ‘लायकी नसताना आणि परतफेडीची अट नसताना मिळालेले’ हे चालेल. ‘तारण’ साठी ‘ज्यातून मी स्वतःला सोडवू शकत नव्हतो, त्यातून देवाने सोडवले’. ‘पश्चात्ताप’ साठी ‘वाईट वाटून घेऊन थांबणे नाही, मागे वळून दुसऱ्या वाटेला लागणे’. ‘विश्वास’ हा शब्द सोपा वाटतो, पण देव आहे असे मानणे आणि देवावर भार टाकणे यांत फरक आहे. आपल्याला दुसरे म्हणायचे असते आणि ऐकणारा पहिले ऐकतो.

वाक्ये लिहून झाली की ती मंडळीबाहेरच्या एखाद्या ओळखीच्या माणसाला वाचून दाखवा. ‘कळले का?’ असे विचारू नका, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. ‘तुम्हाला काय कळले, तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचारा. उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका. वाक्य कुठे मोडले ते तिथल्या तिथे दिसते. दहापैकी तीन-चार वाक्ये पहिल्या फेरीत टिकली तरी पुष्कळ झाले.

हाच प्रयोग मंडळीतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांवरही करून पाहा. पाळण्यात असल्यापासून उपासनेला येणारी मुले ‘कृपा’ हा शब्द गीतांत शेकडो वेळा गातात, पण अर्थ विचारला की एकमेकांकडे बघतात. माहीत असेलच हा समज बाहेरच्यांइतकाच आतल्यांनाही महागात पडतो.

आता दुसरा अंदाज, वागणे पुरेसे आहे हा. यासाठी तेराव्या शतकातला संत, असिसीचा फ्रान्सिस, याच्या नावावर एक वाक्य फिरते: सतत सुवार्ता सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा. त्याच्या लिखाणात ते सापडत नाही. १२२१ च्या त्याच्या नियमावलीत जे आहे ते जास्त उपयोगी आहे. परधर्मीयांमध्ये जाणाऱ्या बंधूंसाठी तिथे दोन रीती दिल्या आहेत. एक, वादविवाद न करता देवाखातर सगळ्यांच्या अधीन राहावे आणि आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करावे. दुसरी, देवाची इच्छा दिसेल तेव्हा उघडपणे वचन सांगावे. पहिल्या रीतीतसुद्धा ‘कबूल करावे’ आहे, हे लक्षात घ्या. गप्प राहून ओळख लपवणे दोन्हींत बसत नाही.

निव्वळ वागण्याची अडचण अशी की त्याचे श्रेय भलतीकडे जाते. उसने घेतलेले तुम्ही वेळेवर परत करता, गैरहजर माणसाची निंदा सुरू झाली की विषय बदलता, कनिष्ठाने केलेल्या कामावर त्याचेच नाव घालता. हे दिसते, पाच-सात वर्षे शेजारी काम करणाऱ्याला नक्की दिसते. तो म्हणतो, ‘स्वभावच गरीब आहे बिचाऱ्याचा’, किंवा ‘संस्कार चांगले आहेत’. यात येशू कुठेच नाही. प्रेषित पौलाने थेस्सलनीके शहरातल्या मंडळीला शांतपणे राहा, आपापला व्यवसाय करा, आपल्या हातांनी काम करा, बाहेरच्या लोकांशी सभ्यतेने वागा, असे लिहिले. पण ही सूचना ज्यांना मिळाली, त्यांचा विश्वास ठिकठिकाणी आधीच माहीत झालेला होता. पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो तसे म्हणतो. क्रम उलटा करून चालत नाही.

मग आपले चांगले वागणे स्वतःच मिरवायचे का? मत्तयाच्या पाचव्या अध्यायात ‘तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या’ आहे आणि सहाव्यात ‘लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका’ आहे. दोन्ही एकाच प्रवचनात, काही मिनिटांच्या अंतराने. आमच्या मते व्यवहारात याचा अर्थ असा: केलेल्या कामाविषयी स्वतः होऊन बोलायचे नाही, पण कोणी कारण विचारले तर खरे कारण टाळायचे नाही. येशूचा शिष्य पेत्र याने ‘विचारणाऱ्याला’ उत्तर द्यायला तयार असा, असे म्हटले आहे, आणि लगेच ‘सौम्यतेने’ हा शब्द जोडला आहे.

विचारणे नेहमी मोठ्या प्रश्नाने होत नाही. सोमवारी सकाळी सहकारी विचारतो, ‘काल फोन का उचलला नाहीस?’ यावर ‘बिझी होतो’ म्हटले की विषय मिटला. ‘मंडळीत होतो’ म्हटले तर तो विचारात पडतो की कुठल्या मंडळींकडे. ‘चर्चला होतो, रविवारी सकाळी दोन तास फोन बंद ठेवतो’ एवढे म्हटले की माहिती पोचली, उपदेश झाला नाही आणि दार उघडे राहिले. त्याने ‘तिथे एवढा वेळ काय करता?’ असे विचारले तरच पुढे जा: ‘गाणी म्हणतो, बायबलमधला एक भाग वाचतो, त्याचा अर्थ कोणीतरी समजावतो, आणि आठवड्यात जे चुकले ते देवापुढे कबूल करतो. मला ते शेवटचे सगळ्यात गरजेचे वाटते.’ इथे थांबा. तीन-चार वाक्ये, अर्धा मिनिट. खरी ओढ असेल तर पुढचा प्रश्न तोच विचारेल. बहुतेक जण इथे थांबत नाहीत आणि अब्राहामापासून सुरुवात करतात.

पुढे बोलणे वाढले, तर आधी विचारा: ‘येशूविषयी तुम्ही काय ऐकले आहे?’ उत्तर काहीही येऊ शकते. थोर गुरू होता, परदेशी देव आहे, नाताळातले बाळ, बरे करणारा साधू. कधी असे कळते की तो माणूस लहानपणी मिशनच्या शाळेत होता आणि त्याला आपल्यापेक्षा जास्त स्तोत्रे पाठ आहेत. कधी असेही कळते की ख्रिस्ती माणसांनीच त्याला फसवले किंवा दुखावले आहे. समोरच्याला काहीच माहीत नाही असे धरणेही अंदाजच आहे. ऐकताना चुका दुरुस्त करत बसू नका. पहिल्या मंडळीतल्या फिलिप्पाने कूशी (आफ्रिकेतल्या) अधिकाऱ्याच्या रथाजवळ जाऊन आधी तो काय वाचतो आहे ते ऐकले, मग ‘समजते का?’ असे विचारले, आणि त्याच्या हातात यशया संदेष्ट्याचा जो उतारा होता तिथूनच येशूची गोष्ट सुरू केली. पौलाने अंत्युखिया शहरात यहुद्यांच्या सभास्थानात मिसरातून सुटकेपासून इस्राएलाचा सगळा इतिहास सांगितला, कारण ऐकणाऱ्यांना तो पाठ होता. अथेनैमध्ये (अथेन्समध्ये) अरेओपागाच्या सभेपुढे त्याने त्या इतिहासाला हात लावला नाही. ‘अज्ञात देवाला’ असे कोरलेल्या त्यांच्याच वेदीपासून सुरुवात केली आणि त्यांच्याच कवींचे शब्द घेतले. शेवटी काही जण हसले, काही ‘पुन्हा ऐकू’ म्हणाले, थोड्यांनी विश्वास धरला. पौलालाही एवढेच मिळाले. म्हणून एका भेटीत निकाल लागावा हा आग्रह सोडून द्या.

प्रार्थनेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे चांगल्या हेतूने सगळ्यात जास्त बिघडते. एखाद्याने आजारपण किंवा नोकरीची चिंता सांगितली की आपण ‘तुमच्यासाठी प्रार्थना करीन’ म्हणतो आणि विसरतो. त्याऐवजी विचारा, ‘आत्ता इथेच एक मिनिट प्रार्थना करू का? नको असेल तर अगदी मोकळेपणाने सांगा.’ हो म्हटले तर काय होणार आहे ते आधी सांगा: मी डोळे मिटून देवाशी साध्या भाषेत बोलेन, तुम्हाला काही म्हणायचे किंवा करायचे नाही. न विचारता डोक्यावर हात ठेवू नका. प्रार्थना देवाशी असावी. ‘हे प्रभू, या माणसाला आपल्या पापांची जाणीव होऊ दे’ हे देवाच्या नावाने त्या माणसाला दिलेले भाषण झाले. बरे होईलच असे वचन देऊ नका. ‘आमेन’ म्हणजे ‘तसेच असो’, हेही सांगा, नाहीतर तो शब्द कसली खूण आहे असे वाटते. आठवड्याने ‘कसे आहे आता?’ असे जरूर विचारा. आणि त्याचा आजार त्याच्या परवानगीशिवाय मंडळीच्या प्रार्थना ग्रुपवर टाकू नका, नाव गाळूनही नाही. लोकांना आपण कोणाबद्दल बोलतो ते दोन ओळींत कळते. ‘प्रार्थनाविनंती’ या नावाखाली किती गुपिते गावभर झाली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, ते बरेच आहे.

रोज पहाटे फुलांच्या चित्रावर वचन छापून पाठवणाऱ्यांनाही एक विनवणी. दहाव्या दिवशी तुम्ही म्यूट झालेले असता.

आपल्या अधिकाराखाली असलेल्या माणसाशी विश्वासाविषयी स्वतः होऊन बोलू नये, असे आमचे ठाम मत आहे. साहेब, शिक्षक, डॉक्टर, घरमालक यांना ‘नको’ म्हणणे समोरच्याला परवडत नाही, म्हणून त्याच्या ‘हो’ ला अर्थ राहत नाही. त्याने विचारले तर थोडक्यात सांगा आणि पुढच्या चर्चेसाठी दुसऱ्या कोणाकडे पाठवा. मदतीचेही तसेच. औषध, फी, धान्य काहीही देताना त्याच भेटीत सभेचे आमंत्रण देऊ नका. तुमच्या मनात अट नसली तरी घेणाऱ्याला ती ऐकू येते.

आणि जिथे आपले चुकते, तिथे काय? शेजाऱ्यावर आवाज चढवला, पैसे द्यायला उशीर केला, शब्द मोडला. ख्रिस्ती माणूस म्हणून ओळख झाल्यावर हे दुप्पट दिसते. इथे ‘प्रभूने मला क्षमा केली आहे’ हे वाक्य तोंडातून येता कामा नये, कारण ज्याचे नुकसान झाले तो तुमच्यापुढे उभा आहे. काय केले ते नेमके सांगा, ‘पण’ न लावता. नुकसान भरून द्या, मग माफी मागा. येशूला भेटल्यावर जकातदार जक्कयाने, फसवून घेतलेले चौपट परत करीन म्हटले होते. आपण निदान पूर्ण रक्कम तरी द्यावी. अशी माफी पाहिल्यावर ‘तुम्ही लोक असे का करता?’ हा प्रश्न येण्याची शक्यता कुठल्याही प्रवचनानंतरपेक्षा जास्त असते.

राहिला रविवार. कोणी पहिल्यांदा उपासनेला आला की आपल्या सगळ्या सवयी त्याच्या अंगावर येतात. उभे कधी राहायचे, बसायचे कधी, गीतांचे पुस्तक कोणते. प्रभूने शिकवलेली प्रार्थना सगळे तोंडपाठ म्हणतात आणि तो एकटा ओठ मिटून उभा असतो. ती छापून किंवा पडद्यावर द्या. ‘योहान ३:१६’ हे त्याला घड्याळातल्या वेळेसारखे दिसते. पहिला आकडा अध्यायाचा, दुसरा वचनाचा, हे सांगितल्याशिवाय कसे कळेल? हे आकडे मूळ लेखनात नव्हतेच. अध्याय १३ व्या शतकात पाडले गेले, नव्या कराराला वचनांचे आकडे १५५१ साली लागले. शिवाय ‘योहान’ नावाने नव्या करारात शुभवर्तमानही आहे आणि तीन पत्रेही. नवा माणूस हमखास चुकीच्या ठिकाणी उघडतो आणि शेजारचा त्याच्या पुस्तकात डोकावून पाने उलटू लागतो. यावर उपाय फुकट आहे: मंडळीत ठेवलेल्या प्रती एकाच आवृत्तीच्या असू द्या आणि वाचनाआधी पान क्रमांक सांगा.

प्रभुभोजनाच्या आधी दोन वाक्ये पुरतात: भाकर आणि प्याला कशाची आठवण आहेत, आणि आपल्या मंडळीच्या नियमाप्रमाणे ते कोणी घ्यायचे. ज्याने घ्यायचे नाही त्याने काय करावे, ताट पुढे द्यावे की जागेवर बसून राहावे, हेही सांगा. दानाची थैली फिरण्याआधी पाहुण्यांकडून अपेक्षा नाही हे स्पष्ट करा. पाहुण्यांना उभे करून नाव सांगायला लावण्याची प्रथा मात्र बंदच करावी. तिने कोणी परत आल्याचे आम्हाला ठाऊक नाही, न आल्याचे मात्र ठाऊक आहे.

घरी वाचायला काय द्यावे, हेही ठरवून ठेवा. अख्खे बायबल हातात दिले की माणूस पहिल्या पानापासून सुरू करतो आणि निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, मापांपाशी, नाहीतर लेवीयात अडकतो. मार्काचे शुभवर्तमान द्या. १६ अध्याय आहेत, सलग मोठ्याने वाचले तर दीड-दोन तासांत संपते. चार भेटींत चार-चार अध्याय वाचा. प्रत्येक भेटीत तीनच प्रश्न ठेवा: काय कळले नाही, काय खटकले, आणि येशू इथे कसा दिसतो. दुसऱ्या प्रश्नाला घाबरू नका. अंजिराच्या झाडाला शाप का दिला, डुकरांचा कळप का बुडाला, हे विचारणारा माणूस नीट वाचतो आहे. उत्तर येत नसेल तर ‘पुढच्या वेळी बघून सांगतो’ म्हणा आणि खरेच बघून या.

पाळकहो, यातले बहुतेक काम सभासदांचे आहे, पण सुरुवात तुमच्या व्यासपीठावरून झाली तर लवकर पसरेल. पुढच्या रविवारच्या उपदेशाचा कागद आधी मंडळीबाहेरच्या एकाला वाचायला द्या, पेन्सिल हातात देऊन. जिथे अडखळेल तिथे रेघ मारायला सांगा. तो कागद घेऊन आमच्यापैकी कोणाहीबरोबर बसायचे असेल तर आम्ही यायला तयार आहोत. संध्याकाळी सातनंतर, शनिवार सोडून.

आपले,
नवागतांबरोबर शास्त्रवाचन करणारे सहकारी